पसारा काढा, पण पेटी जपा

एप्रिल महिना उजाडला की आपल्या वस्त्यांमधून रंगाचा वास येऊ लागतो. १४ एप्रिल जवळ आलेला असतो. दहा बाय बाराच्या खोलीतले सगळे सामान बोळात येते आणि आपल्या घरात केवढे काय काय होते, हे घरच्यांनाच त्या दिवशी प्रथम कळते. खाटेखालच्या तीन ट्रंका, फडताळातली बोचकी, पोटमाळ्यावरचा बंद पडलेला टेबलफॅन, मिठाईचे रिकामे डबे, लग्नात आलेली आणि कधीही न वापरलेली भांडी, काडी मोडलेल्या छत्र्या, पिशव्यांत कोंबलेल्या पिशव्या. भिंती रंगवून होतात आणि संध्याकाळी तेच सामान, तसेच, त्याच जागी परत जाते. रंग तेवढा नवा होतो, पसारा जुनाच राहतो.

हा पसारा कमी कसा करावा, याविषयी आज लिहायचे आहे. परंतु त्याआधी आमच्या हातून घडलेली एक चूक वाचकांपुढे ठेवली पाहिजे. कारण त्या चुकीनेच आम्हाला हा विषय शिकविला.

रद्दीत गेलेला दाखला

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने ठरविले की, यंदाच्या जयंतीला नुसती रोषणाई करायची नाही. घरोघरची रद्दी गोळा करायची आणि तिच्या पैशातून विहाराच्या अभ्यासिकेला ट्यूबलाइट बसवायच्या. आम्ही स्वतः हातगाडी घेऊन दारोदार फिरलो. अडगळ ठेवू नये, घरात हवा खेळू द्यावी, असे चार शब्दही प्रत्येक दारात सांगत होतो. एका ताईंनी सासऱ्यांच्या वेळची पत्र्याची पेटी पुढे केली. आत जुनी पत्रे, पावत्या, पिवळ्या पडलेल्या वह्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, एकदा बघून घेऊ का?" आम्ही म्हणालो, "ताई, इतक्या वर्षांत कोणी उघडली नाही, आता काय बघायचे त्यात?" पेटी गाडीवर गेली. अभ्यासिकेत ट्यूबलाइट लागल्या.

त्याच वर्षी त्या ताईंच्या मुलीचा अभियांत्रिकीला नंबर लागला. जात वैधता प्रमाणपत्रासाठी जुना पुरावा हवा होता. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. त्याच्या आधीची वडिलांकडच्या घराण्यातली नोंद असली की काम सोपे होते. अशी एकच वस्तू त्या घरात होती. मुलीच्या आजोबांचा गावच्या मराठी शाळेचा दाखला. तो त्या पेटीत होता.

आम्ही मुलीच्या वडिलांना घेऊन गावी गेलो. शाळेतली जुनी रजिस्टरे वाळवीने खाल्लेली. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ च्या, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत शोध घेतला. अनेक हेलपाट्यांनंतर आजोबांच्या सख्ख्या भावाच्या जन्माची नोंद सापडली. ती मोडीत होती, म्हणून मोडी वाचणारा शोधावा लागला. तोपर्यंत मुदत टळून गेली होती. राखीव जागेवरचा प्रवेश टिकला नाही आणि खुल्या जागेची फी भरणे नाक्यावर काम करणाऱ्या बापाच्या आवाक्याबाहेरचे होते. मुलीचे एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. परंतु गेलेले वर्ष कोण भरून देणार? ताईंनी आजवर एका शब्दानेही आम्हाला दोष दिलेला नाही. म्हणूनच ते वर्ष आम्हाला जास्त लागते.

सुखवस्तू घरांसाठी लिहिणारे सांगतात की, वर्षभर वापरली नाही ती वस्तू टाकून द्या. आपल्या घरांना हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्याकडे सत्तर वर्षांत न उघडलेल्या पेटीत लेकराचा हक्क असू शकतो. म्हणून आपला नियम वेगळा पाहिजे. आधी निवडावे, मग टाकावे.

पसारा साठतो कसा

आपल्या घरात वस्तू साठतात त्या आळसामुळे नव्हे. ज्या आईने एकेक भांडे हप्त्याने घेतले, तिचा हात ते काढायला धजत नाही. ज्यांनी टंचाई पाहिली, त्यांना डबा टाकताना वाटते, कधी तरी उपयोगी पडेल. हे वाटणे खोटे नाही. परंतु त्या 'कधी तरी'साठी आज कोणाची जागा जाते, हे पाहिले पाहिजे.

लहान खोलीत प्रत्येक निरुपयोगी वस्तू कोणाच्या तरी जागेवर बसलेली असते. आजीची पाठ टेकायची जागा जाते. आईला एक पातेले काढायला चार पातेली खाली उतरवावी लागतात, आणि हे ती दिवसातून किती वेळा करते, हे घरातील पुरुषांनी एकदा मोजावे. सकाळी कामाला निघताना पास सापडत नाही, किल्ली सापडत नाही, मग घरात तोंडाला तोंड लागते. घरात असलेली कात्री सापडत नाही म्हणून दुसरी विकत येते. आणि सर्वांत मोठे नुकसान मुलांचे होते, कारण वही उघडायला मोकळी जमीन राहत नाही.

परमपूज्य बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते तेव्हा सुभेदार रामजींचे कुटुंब लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत सामान, माणसे, आणि एक शेळीदेखील. सुभेदारांनी जागेवर उपाय काढला तो वेळेचा. मुलाला लवकर निजवायचे आणि मध्यरात्रीनंतर, घर शांत असताना, दिव्यापाशी अभ्यासाला उठवायचे. पुढे परळच्याच बी.आय.टी. चाळीत दोन खोल्या मिळाल्या तेव्हा त्यातली एक पुस्तकांकडे आणि वाचनाकडे गेली. एका खोलीचे घर असले तरी त्यात अभ्यासाची जागा राखता येते, हे सुभेदारांनी करून दाखविले. आपल्याला निदान सतरंजीएवढा कोपरा तरी राखता आला पाहिजे. तेथे काही ठेवायचे नाही, टांगायचे नाही. तो कोपरा मुलांचा.

टाकून देणे आपल्याला नवीन नाही

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की, अस्पृश्य म्हणून लांबून ओळखू यावे असे जुन्या चालीचे दागिने टाका, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, घर स्वच्छ ठेवा. आपल्या आज्यापणज्यांनी ते ऐकले. ज्या वस्तू अंगाला लहानपणापासून चिकटल्या होत्या त्या त्यांनी उतरविल्या.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. त्यानंतर गावोगावी लोकांनी देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती गोळा केल्या आणि नदीत, विहिरीत सोडल्या. काही म्हाताऱ्यांचे हात थरथरले असतील. पण पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वस्तू आता आपल्या कामाची नाही, हे त्यांनी ओळखले. त्या माणसांची आपण नातवंडे-पतवंडे आहोत. बंद पडलेला टेबलफॅन भंगारात द्यायला आपण एवढा विचार करावा, हे शोभत नाही.

आनंदांची पाचशे चीवरे

भिक्खूला स्वतःच्या मालकीच्या वस्तू आठ. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. आपण गृहस्थ आहोत, आपले आठांत भागणार नाही. तथागतांनी गृहस्थाला दरिद्री राहा असेही सांगितलेले नाही. परंतु विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे, तो प्रत्येक गृहिणीने ऐकावा असा आहे.

कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आयुष्मान आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण काय दुकान मांडणार आहे? त्याने आनंदांना विचारले, या चीवरांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे झिजली आहेत त्या भिक्खूंना वाटून देऊ. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या अंथरुणावर घालायच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. जुन्या अंथरणांचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचे? ती कुटून चिखलात कालवू आणि त्याने जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपली आजी जुन्या लुगड्याची वाकळ शिवत होती, तिला हे कोणी शिकविले नव्हते, तरी ती आनंदांच्याच वाटेने चालली होती. या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. वस्तू वाया घालवायची नाही, ही एक. आणि वस्तू बोचक्यात बांधून अडवायची नाही, ही दुसरी. आनंदांकडचे एकही वस्त्र पेटीत पडून राहिले नाही. प्रत्येकाला पुढचे काम ठरलेले होते. आपण पहिली गोष्ट पाळतो, दुसरी विसरतो. जुन्या साड्यांचे बोचके वाकळीसाठी बांधून ठेवतो आणि दहा वर्षे वाकळ शिवत नाही.

तेव्हा घरातली वस्तू हातात घेऊन एवढेच विचारावे की, हिचे पुढचे काम कोणते? लहान झालेला गणवेश खालच्या इयत्तेतल्या मुलाकडे जाईल. वाकळ येत्या दोन महिन्यांत शिवणार असाल तर साड्या ठेवा, नाहीतर बोहारणीला द्या. दुरुस्त होणारी वस्तू याच आठवड्यात दुरुस्तीला जाईल, नाहीतर भंगारवाल्याकडे. लग्नातली जादा भांडी विहाराच्या कामी येतील किंवा मोडीत जातील. जिचे पुढचे काम सांगता येत नाही, ती वस्तू घरातून निघाली पाहिजे.

येथे एक अडचण खास आपल्या घरातली आहे. लग्नपत्रिका, कॅलेंडरे, जयंतीचे फलक यांवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची चित्रे असतात. ती टाकायला मन होत नाही आणि त्यांचा ढीग वाढत जातो. आम्ही असे करतो. चित्र नीट कापून घेतो आणि मुलांना वहीत चिकटवून देतो. मुले खाली त्या प्रसंगाची माहिती लिहितात. उरलेला कागद रद्दीत देतो. भिंतीवर दोनच तसबिरी ठेवतो, पण त्यांवर धूळ बसू देत नाही. वाचून झालेली पुस्तके विहाराच्या वाचनालयात देतो. या साप्ताहिकाचे अंकही वर्षानुवर्षे रचून ठेवू नयेत. हवे ते कात्रण काढावे आणि अंक शेजाऱ्याला द्यावा.

बाबासाहेबांच्या पेट्या

आता जपण्याविषयी. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा त्यांची कितीतरी हस्तलिखिते अप्रकाशित होती. ती लोखंडी पेट्यांतून कोर्टकचेऱ्यांच्या ताब्यात वर्षानुवर्षे पडून राहिली. पुढे महाराष्ट्र शासनाने समिती नेमली, वसंत मून यांनी संपादनाचे काम केले आणि १९७९ पासून इंग्रजी खंड निघू लागले. १९८७ साली निघालेल्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडात त्या पेट्यांतलेच लेखन आहे. काही लेख अपुरे राहिले, काही पाने मिळालीच नाहीत. जे मिळाले ते कोणी रद्दीत घातले नव्हते म्हणून मिळाले. आपल्या घरातली पत्र्याची पेटी छोटी असेल, पण आपल्या कुटुंबापुरते तिचे मोल तसेच आहे.

कागदांचे चार गठ्ठे

आमचे निम्मे आयुष्य कारकुनीत गेले. सरकारी कचेऱ्यांत 'सहा गठ्ठे' नावाची एक पद्धत आहे. आज ज्यावर काम करायचे ते कागद वेगळे, ज्यांच्या उत्तराची वाट पाहायची ते वेगळे, कायम लागणारे आदेश वेगळे, अभिलेख कक्षात पाठवायचे वेगळे आणि नष्ट करायचे वेगळे. घरासाठी चार गठ्ठे पुरतात.

पहिला गठ्ठा कायमचा. यात आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, गावच्या जमिनीचे किंवा वतनाचे जुने उतारे, घरातल्या प्रत्येकाचे शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, वैधता प्रमाणपत्रे, गुणपत्रिका आणि विवाहाची नोंद. कोणत्या कागदावर 'महार' आहे, कोणत्यावर 'नवबौद्ध', कोणत्यावर 'बौद्ध'. कोठे गावावरून पडलेले आडनाव, कोठे दुसरेच. म्हणून या कागदांची साखळी जुळवून ठेवावी लागते. १९९० साली केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या. परंतु धर्मांतरापूर्वीची जात कागदानेच दाखवावी लागते. नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रतही येथेच ठेवावी.

याच गठ्ठ्यात कष्टाचे आणि राहण्याचे पुरावे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पुढे २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली, तेव्हा ओळखपत्र, हजेरी कार्ड, रजेचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती असल्या चिठोऱ्यांना सोन्याचे मोल आले. झोपडपट्टी पुनर्वसनात रहिवास दाखवायची तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, पुढे १ जानेवारी २००० झाली, आणि नंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घर देण्याचे ठरले. तारखा अशा बदलतात; म्हणून फोटोपास, सर्वेक्षणाची पावती, जुनी वीजबिले, मतदारयादीतील नोंद यांतले काहीही टाकू नये.

दुसरा गठ्ठा चालू वर्षाचा. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत, फीच्या पावत्या, बँकेचे पासबुक. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते आणि त्याचा दाखला वेळेवर काढावा लागतो. तिसरा गठ्ठा मुदतीचा. औषधाच्या चिठ्ठ्या, वस्तूंच्या हमीपत्रिका, कर्जाच्या हप्त्यांच्या पावत्या. मुदत संपली की यातले कागद निघतात. मात्र कर्ज फिटल्याचा दाखला पहिल्या गठ्ठ्यात जातो.

चौथा गठ्ठा जाण्याचा. येथे आमची चूक आठवावी. घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने प्रत्येक कागद मोठ्याने वाचावा आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तो ऐकावा. मुलाला ज्या नावाचा अर्थ लागत नाही ते नाव आजीला ठाऊक असते. त्यानंतरही महिनाभर थांबावे आणि मगच रद्दीवाल्याला हाक मारावी. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून कधीही टाकू नये.

कायमचा गठ्ठा सुती फडक्यात बांधून पेटीत ठेवावा. पेटी जमिनीवर किंवा मोरीच्या भिंतीला लागून ठेवू नये. पावसाळ्यात ओल धरते. जुना कागद लॅमिनेट करू नये, कारण पुढे त्यावर शिक्का मारता येत नाही आणि चिकटलेला कागद सुटत नाही. प्रत्येक कागदाचे मोबाइलवर फोटो काढून घरातील दोघांकडे ठेवावेत. डिजिलॉकरमध्ये मिळतील ते दाखले तेथेही ठेवावेत. परंतु फोटो आहे म्हणून मूळ कागदाची हेळसांड करू नये. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवावी. कागद बाहेर गेला की कोणाकडे, कशासाठी आणि कोणत्या तारखेला, हे यादीवर लिहावे.

एका रविवारी एक जागा

सगळे घर एका दिवसात काढायला गेले की दुपारपर्यंत दम जातो आणि सामान तसेच आत जाते. म्हणून एका रविवारी एकच जागा घ्यावी. पहिल्या रविवारी पेटी, दुसऱ्या रविवारी खाटेखालचे सामान, तिसऱ्या रविवारी मांडणी, चौथ्या रविवारी पोटमाळा. १४ एप्रिलनंतर सुरुवात केली तर पावसाच्या आणि शाळांच्या आत घर हाताखालून जाते. दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय टाकू नये, मग ती लहान मुलाची का असेना. एक नवी वस्तू आली की एक जुनी निघाली पाहिजे. किल्ली, पास, औषधे यांना एक जागा ठरवावी आणि ती घरातल्या सर्वांनी पाळावी. हे काम एकट्या बाईवर टाकू नये. वजनाच्या ट्रंका पुरुषांनी उतरवाव्यात, आणि उतरवल्यावर त्या आवरायलाही बसावे.

आमच्या मंडळाने आता रद्दी गोळा करण्याची पद्धत बदलली आहे. जयंतीच्या आधी एका रविवारी विहारात सतरंज्या अंथरतो. घरोघरच्या पेट्या तेथे येतात. कॉलेजात जाणारी मुले कागद वाचतात, म्हातारी माणसे नावे सांगतात, आम्ही गठ्ठे बांधून देतो. मग उरलेली रद्दी हातगाडीवर जाते. ज्या मुलीचे वर्ष आमच्यामुळे गेले, ती आता इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी ती विहारात आली, मांडी घालून बसली आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पेट्यांतले कागद वाचत होती. संध्याकाळी एका घरच्या पेटीतून १९४६ सालचा शाळेचा दाखला निघाला, तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी उचलून त्या घरच्या आजींच्या ओंजळीत ठेवला.

येत्या रविवारी आपल्या घरची पेटी उघडा. जयभीम.